आखाजीतला नकार

आखाजी जवळ आली की आमच्या गावात एक प्रश्न सगळ्यांना पडतो आणि एक फक्त मला विचारला जातो. सगळ्यांना पडतो तो, यंदा झोका कोणत्या लिंबाला बांधायचा. मला विचारला जातो तो, "तेव्हा तू रागात बोलली होतीस ना गं?" विचारणारीच्या डोळ्यांत एवढी माया असते की मी नुसती मान हलवली तरी तिचं समाधान होईल. पोरगी चिडली होती, बोलून गेली, असं एकदा ठरलं की सगळं जागच्या जागी बसतं.

तर लिहूनच ठेवते. मी चिडले नव्हते. मी चिडते तेव्हा कळतं. मुलींच्या वसतिगृहाचं फाटक दिवेलागणीला बंद आणि मुलांच्या वसतिगृहाला फाटकच नाही, तेव्हा मी चिडले होते आणि पत्रक लिहिलं होतं. एसटी थांब्यावर न थांबता धूळ उडवत निघून जायची, तेव्हाही लिहिलं होतं. ती पत्रकं मीच भिंतींना लावली आणि बोटांना खळ वाळलेली असताना परीक्षेचे पेपर दिले. पत्रकात उद्गारचिन्हं लागतात. त्या आखाजीला मी जे बोलले त्यात एकही उद्गारचिन्ह नव्हतं. निदान दुसऱ्यांदा बोलले तेव्हा तरी नव्हतं.

आज ओट्यावर बसून लिहितेय. साक्रीच्या अलीकडचं आमचं गाव दुपारी असं निपचित पडतं की कुत्रंसुद्धा सावली बदलायला उठत नाही. पत्र्यावर बिबडी वाळत घातलीय. ज्वारीच्या आंबवलेल्या पिठाचे ते पातळ पापड उन्हात कडांनी उचलले जातात, आणि तो आंबूस वास नाकात गेला की मला जर्मन भाषेतले आकडे आठवतात. हसू नका. त्या उन्हाळ्यात आई बिबडी थापायची आणि मी बाजूला उकिडवी बसून मोबाइलमधून आकडे पाठ करायची. माझ्या डोक्यात त्या दोन गोष्टी कायमच्या एकत्र शिजल्यात.

मी तेव्हा जळगावला समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात होते. जर्मनीतल्या एका विद्यापीठात एक सत्र शिकायला जायचं, अशी निवड झाली होती. जायचं होतं पावसाळा सरता सरता, पण तयारी सगळी आली ऐन उन्हाळ्यात. म्हणजे काय, तर जळगावच्या एप्रिलात मी थंडीची खरेदी करत फिरत होते.

सलीमचाचांचं बाजारात कपड्यांचं दुकान आहे. जाड जाकीट आहे का, असं विचारल्यावर त्यांनी आधी मला स्टूल दिलं, मग पाणी दिलं.

"बेटी, ऊन लागलं का? या दिवसांत लोक माझ्याकडून पंचे नेतात."

"चाचा, तिकडं बर्फ पडतो."

"इकडं डांबर वितळतंय."

तरी ते शिडी लावून माळ्यावर चढले. डांबरगोळ्यांचा वास मारणारं गाठोडं खाली आलं. मी जाकीट चढवलं आणि गळ्यापर्यंत चेन ओढली. घाम मानेवरून पाठीत, पाठीतून कमरेत. दुकानात एक बाई नातवाला बनियन घ्यायला आली होती. ती म्हणाली, "काय वो पोरी, बर्फाच्या कारखान्यात लागली का?" सगळे हसले, मीही हसले. चाचांनी हातावरची बाही नीट केली आणि विचारलं, "बरोबर कोण?"

"कोणी नाही. एकटी."

त्यांनी ते जाकीट काढून घेतलं आणि एक माप मोठं दिलं. "मग हे घे. आत अजून एक स्वेटर बसला पाहिजे. एकट्या माणसाला थंडी जरा जास्त."

'बरोबर कोण' हा प्रश्न त्या उन्हाळ्यात मला कुणीकुणी विचारला नाही! पासपोर्टच्या चौकशीला आलेल्यांनी विचारला, बसच्या कंडक्टरनं विचारला, दातांच्या डॉक्टरांनी तर माझ्या तोंडात आरसा घालून विचारला. पण उत्तर ऐकून एक माप मोठं देणारे चाचाच. बाकीच्यांनी मलाच एक माप लहान करायला घेतलं होतं.

त्यात ते प्रशिक्षण. परदेशी जाणाऱ्या मुलामुलींना जळगावात एका सभागृहात बसवलं होतं. कूलर नुसता खडखडत होता. बाहेरून आलेल्या मॅडम शिकवत होत्या, आवाज खाली ठेवा, बोलताना हात हलवू नका, कुठून आलात असं विचारलं तर 'मुंबईजवळून' म्हणा.

मी हात वर केला. "मॅडम, किती जवळून? आम्हाला गाडीत झोप काढावी लागते."

"अगं, त्यांना जळगाव-धुळे कुठं माहीत असणार?"

"नसेल तर सांगू. त्यांचं गाव तरी आम्हाला कुठं माहीत होतं? आम्ही केलंच ना पाठ."

मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, हाच तो आवाज, हाच खाली ठेवायचा. मी खाली बसले, पण आवाज खाली गेला नाही. खानदेशी माणूस मोठ्यानं बोलतो म्हणून सगळे नावं ठेवतात. जवळ येऊन कुणी ऐकलंच नाही तर काय करायचं माणसानं? लांबच्याला ऐकू जाईल असंच बोलणार. तिकडं गेल्यावर मी प्रत्येकाला जळगाव सांगितलं, धुळं सांगितलं, नकाशावर बोट ठेवून साक्री दाखवली. एकानं विचारलं, तिथं काय आहे? मी म्हटलं, मी आहे.

पण हे झालं जाऊन आल्यावरचं. जाणं ठरायचं होतं गावात.

कॉलेजला पालकाचं संमतिपत्र हवं होतं. मी सज्ञान, मतदान करते, मोर्च्यात पुढं असते, तरी संमती आबांची. आबा म्हणजे माझे वडील. कापूस आणि कांदा यांच्याशिवाय ते फारसं कशावर बोलत नाहीत. आणि आबांची सही म्हणजे नानांची मान. नाना आबांचे थोरले भाऊ, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. आमच्या घरात अजूनही त्यांचीच शाळा भरते. नानांनी मान हलवल्याशिवाय आबांनी कधी बियाण्याची पिशवीसुद्धा फोडली नाही.

नानांनी नाही म्हटलं नव्हतं. नाही म्हटलं असतं तर सोपं गेलं असतं, मला 'नाही'शी भांडायची सवय आहे. नाना म्हणाले, "जाय ना. कोन नही म्हने? पन साखरपुडा करी ले आनि मंग जठे जानं शे तठे जाय. लोकेस्ना तोंड बंद व्हतीन."

मुलगाही त्यांनीच पाहिला होता. नाल्यापलीकडच्या गावचा, शिरपूरला नोकरीला. दोन्ही गावांत जुनी सोयरीक. मी त्याला एका हळदीत भेटले होते. माणूस वाईट नव्हता. तिकडं जेवणाचं काय करशील, असं त्यानं मला खरोखर काळजीनं विचारलं होतं. हे मुद्दाम लिहितेय, कारण मुलीनं नकार दिला की मुलात खोट शोधायला लागतात लोक. खोट नव्हती. मला त्याला नाकारायचं नव्हतं. कुणाची तरी ठरून मगच गावाची वेस ओलांडायची, ही अट मला नाकारायची होती. शेजारच्या वाड्यातला मुलगा दुबईला गेला, त्याला कुणी म्हणालं का, आधी एखादीचा होऊन जा?

बायका मात्र माझ्या जाण्याच्या तयारीला केव्हाच लागल्या होत्या, आणि त्यांना एकच तयारी माहीत होती. पोरगी सासरी निघाली की करतात ती. गल्लीतल्या सगळ्या आमच्या अंगणात जमल्या. बिबडी झाली, कुरडया झाल्या, ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ दळून आलं, ठेचा तेलात बुडवून बरणीत गेला. मोठी आत्या, म्हणजे आमची अक्का, माहेरपणाला आली होती. पिठाचे हात हवेत धरून ती म्हणाली, "लगीन नही, सासर नही, आनि आंडेर चालनी परदेस! मंग आखाजीले तुले लेवाले मुराळी कोन येई वो?"

आंडेर म्हणजे लेक, आणि मुराळी म्हणजे सणाला सासरहून लेकीला आणायला जातो तो. भाऊ, चुलता, कुणीतरी. मुराळी आला नाही तर लेक वाट बघत बसते.

"अक्का, मीच मना मुराळी," मी म्हटलं. "मीच मले ली येसू."

बायका अशा हसल्या की एकीची कुरडई तुटली. अक्का नाही हसली. "तसं ऱ्हातं तं," ती म्हणाली आणि पीठ मळत राहिली. तिला किती आखाज्या मुराळी आला नव्हता, हे अंगणात सगळ्यांना माहीत होतं.

मग आखाजी आली. बाहेरचे लोक तिला अक्षय्य तृतीया म्हणतात आणि सोन्याच्या दुकानात जातात. आमच्याकडे ती लेकींची. लिंबाला दोर पडतात, खापरावर मांडे होतात, सांजोऱ्या तळतात, पितरांच्या घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात आणि गौराईची गाणी म्हणून म्हणून पोरींचे घसे बसतात. आणि या सणात तीन मोकळिका आहेत. लहानपणापासून बघत आले होते, पण त्यांचा हिशेब मला त्या वर्षी लागला.

एक मोकळीक पुरुषांची. आखाजीला पत्ते चालतात, उघड्यावर, देवळाच्या पारावर. एका आखाजीला आमच्यातल्या एकानं डावावर मोटारसायकल लावली आणि हरला. दुसऱ्या दिवशी गाडी दुसऱ्याच्या दारात. आखाजीचा खेळ होता, जाऊ द्या, असं कुणी म्हणालं नाही.

दुसरी मालक-गड्याची. शेतावरचा सालदार आखाजीलाच ठरतो. कागद नाही, साक्षीदार नाही. गडी 'ऱ्हासू' एवढं म्हणाला की पुढच्या आखाजीपर्यंत तो बांधला गेला. मधे पोर आजारी पडो, नाही तर पाठ मोडो, दिला शब्द तो दिला.

तिसरी बायकांची. गौराई बोळवायला दोन्ही गावच्या पोरीबाळी नाल्यावर जातात, आपापल्या काठावर उभ्या राहतात आणि एकमेकींना मनसोक्त शिव्या देतात. याला बार खेळणं म्हणतात. नाक, डोळे, सासू, नवरा, कुणालाच सोडायचं नाही. वर्षभर पदराआड बोलणाऱ्या बायका त्या दिवशी कंबरेवर हात ठेवून असं बोलतात की गुरं बुजावीत. आणि नियम एकच. बारातलं बारात. नाला ओलांडून घरी न्यायचं नाही.

दिसतंय ना? पुरुष पत्त्यात हरला तर खरं. गडी 'ऱ्हासू' म्हणाला तर खरं. बाई ओरडून बोलली तर ती गंमत. एकाच सणात, एकाच गावात. आणि आम्ही या गमतीला मोकळीक म्हणत आलो.

नाल्यात तेव्हा टिपूस नव्हतं, नुसते तापलेले गोटे. पलीकडे त्या मुलाची बहीण पुढं होती, आवाजाची पक्की. तिनं मला हेरलंच.

"ओ वहिनी! विमानमा बसशी का आमना घर भाकरी थापशी?"

तिच्या मागच्या खिदळल्या. आमच्या बाजूच्या माझ्याकडे बघायला लागल्या, आता ही काय परतवते म्हणून. अक्का माझ्या कानाशी म्हणाली, "दे, दे, सोडू नको."

मी दिलं. "भाकरी तुना भाऊलेच शिकाड! मी एकली जासू, एकली येसू, आनि साखरपुडा करीसन तं गावबाहेर पाय बी ठेवाव नही! तुमना दारमा बी येवाव नही!"

काय टाळ्या पडल्या! आमच्या काठावरच्या नाचल्या. पलीकडची ती बहीणही हसून हसून खाली बसली. मी धापा टाकत उभी होते आणि मला वाटत होतं, झालं. बोलून झालं. दोन गावांनी ऐकलं.

घरी आले तर नाना खुशीत. पोरांकडून त्यांना सगळं कळलं होतं. "भारी बोलनी आज," ते म्हणाले, "त्या गावले असीच पोर पाहिजे." आणि त्याच दमात, "परवा मंडळी येईल, सुपारी फोडी लेऊत."

"नाना, मी खरं बोलले."

"बारमधलं?"

"हो."

"बारमधलं कधी खरं ऱ्हास का, येडी?" ते खरंच प्रेमानं हसले. आबा दाराशी बसून पायातला काटा काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

तेव्हा कळलं की मी मोकळं बोलले नव्हते. बोललेलं वाया जावं म्हणून बांधून ठेवलेल्या जागी बोलून आले होते. मोर्चासुद्धा ठरवून दिलेल्या मैदानातच नेऊ देतात आणि मग म्हणतात, बघा, आम्ही कुठं अडवलं? घोषणा संपली की झाडणारे येतात. दोन गावांनी ऐकलं होतं खरं, पण ऐकलेलं विसरण्याचं आधीच ठरलेलं होतं.

चुलीपाशी आई मांड्याचं खापर उतरवत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मीबी बोलले होते एकदा बारात. तुझ्या आबांशी ठरलं त्या साली."

"काय बोललीस?"

"ऱ्हायलं ते बारातच." तिनं खापर भिंतीला टेकवलं आणि हात पुसले.

आई काय बोलली होती ते मी आजवर विचारलेलं नाही. ती सांगेल तेव्हा सांगेल. पण एक नक्की ठरलं. माझं नाल्यात राहणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी नाला उतरले. ओढणी डोक्यावर घेतली ती उन्हासाठी. आदल्या दिवशीच्या गौराईची फुलं गोट्यांवर सुकून पडली होती. पलीकडच्या काठावर चढताना, खरं सांगते, मी दोनदा मागं वळून पाहिलं. पोलिसांसमोर पत्रकं वाटताना नव्हतं पाहिलं.

मुलाची आई अंगण झाडत होती. मला बघून तिचा झाडू थांबला. "एकली उनी?"

"हो, मावशी."

तिनं ओढून ओट्यावर बसवलं, माठातलं पाणी दिलं. बहीण दारातून डोकावली आणि हसायला लागली, कालच्या आठवणीनं. आईनं तिला दटावलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "घाबरू नको वो माय. बारमा बोलनी ते आम्ही मनवर लिधं नही."

"म्हनीसन तं उनू, मावशी," मी म्हटलं. "मनवर ल्या."

बहिणीचं हसू थांबलं. मी आवाज मोठा केला नाही. म्हटलं, साखरपुडा मी करणार नाही. जायच्या आधी नाही, आणि आल्यावरचं आज कबूलही करणार नाही. तुमच्या मुलात काही वाईट नाही, हेही माझ्याच तोंडून ऐका. उद्या मंडळी निघायच्या आधी सांगितलं पाहिजे, म्हणून आले. हा निरोप दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवायचा नव्हता.

मावशींनी झाडू बाजूला ठेवला. राग होताच, तो का नसावा? "आमनं उगा हसं करं तुम्ही लोकेस्नी," त्या म्हणाल्या.

"म्हणून आजच आले. उद्या आले असते तर जास्त हसं झालं असतं."

त्यांनी रिकामा पेला माझ्या हातातून घेतला. "सांगस मी घरमा," एवढंच म्हणाल्या. आणि मी पायऱ्या उतरत असताना, मागून, "काठकाठनी जाय. गोटा तपनात."

हे माझ्या सगळ्या भाषणांतलं सगळ्यात छोटं भाषण. टाळी पडली नाही.

मी परत आले तेव्हा बातमी माझ्या आधी पोचली होती. ओट्यावर नाना उभे. आत अक्का, आई, दाराआड शेजारच्या.

"कोठे गयथी?"

"पलीकडे. सांगून आले."

"कोनले इचारी?" नानांचा आवाज वर्गातला झाला होता. "कोनले इचारी गयी तू? आम्ही मेलूत का?"

मी तोंड उघडलं. माझ्याकडे उत्तरं पुष्कळ होती, पत्रकभर होती. पण त्याआधी आबा उठले. कापसाची बोंडं वेचताना उठतात तसे, कमरेवर हात देऊन, सावकाश.

"तिनी सांगी टाकं ना, भाऊ," आबा म्हणाले. "बस व्हयनं आते."

नानांनी आबांकडे असं बघितलं, जणू वर्गातला बाक बोलला. आबा आत गेले, फळीवर ठेवलेलं ते संमतिपत्र घेऊन आले आणि गुडघ्यावर पसरून बसले. सदऱ्याचा खिसा चाचपला. रिकामा.

"भाऊ," ते म्हणाले, "तुमना पेन द्या."

मास्तर माणूस, निवृत्त झाल्यावरही नानांच्या खिशाला पेन असतोच. ते देतील असं मला वाटलं नव्हतं. आईलाही वाटलं नसावं, ती उंबऱ्यात आली होती. नानांनी उभ्यानंच कागदावरची ओळन्‌ओळ वाचली. मग त्यांनी खिशातून पेन काढला, टोपण उघडलं आणि पेन आबांना दिला.

टोपण मात्र स्वतःच्या मुठीत ठेवलं.